थिएन लीचा मांडव

ला वान, १७ मे १९९८

लुआ,

पत्राला उशीर झाला असं मी म्हणणार नाही. उशीर कुणाकडून झाला हे दोघींनाही ठाऊक आहे. तू गेलीस त्याला आठ महिने झाले. फाटकाची कडी वाजली म्हणून मी अंगणात आले, तर तू कालव्याच्या पुलावर पोचलीसुद्धा होतीस. "आई, येते" एवढंही तोंडातून निघालं नाही. मी हाक मारली असती, पण शेजारणी बघत होत्या.

तुझा पत्ता तोआनच्या कपाटात सापडला. नवऱ्याला पत्ता कळवतेस, सासूला नाही. असो. बूट शिवायच्या कारखान्यात दिवसभर मान खाली घालून बसावं लागतं म्हणे. तुझी मान आधीच दुखायची. उशी पातळ घे.

थिएन लीची वेल यंदा लवकर फुलली. हिवाळ्यात पानं झडली नाहीत, वाढ तेवढी थांबली होती. मार्चात जुनं लाकूड छाटलं आणि बघता बघता मांडव भरला. एकटीच्या हाताने तोडून होत नाही. सारासाठी कळ्या उमलायच्या आत सकाळी तोडाव्या लागतात, आणि माझा खांदा वर जात नाही. तू होतीस तेव्हा स्टुलावर चढून मागची बाजू तू तोडायचीस, पुढची मी. आता मागची बाजू तशीच फुलते आणि तशीच गळते. संध्याकाळी एवढा वास सुटतो की वाटेवरचे लोक सायकली थांबवतात. तोआन कामावरून येतो, हातापायाचं सिमेंट धुतो, जेवतो, झोपतो. तू गेल्यापासून माझ्याशी पंचवीस शब्द बोलला असेल. त्यातले दहा "मीठ दे" म्हणण्यात गेले.

यंदा पाचवा महिना अधिक आलाय, म्हणून ह्यांचं श्राद्ध पुढे गेलं, ७ ऑगस्टला आहे. तू ये. गेल्या श्राद्धातल्या खेकड्यांचा विषय कुणी काढणार नाही, मी सगळ्यांना बजावून ठेवलंय. माणसाच्या हातून चूक होते. तुझ्या आईने खेकडे दिले, टोपलीत दोन-चार मेलेले राहिले असतील, तिचं लक्ष नसेल, तूही न बघता कुटलेस. सात माणसं आजारी पडली, पण मेलं तर कुणी नाही.

"कुणी नाही" असं लिहून थोडी थांबले होते. तू समजून घे. तिसरा महिना म्हणजे काही नक्की नसतं, लुआ. माझीही दोन तशीच गेली. मी कधी कुणाला दोष दिला नाही.

ये. थोरल्या वन्संही विचारत होत्या.

तुझी सासू


ला वान, १४ जून १९९८

लुआ,

तुझं पत्र पोचलं. चार ओळी. मी दोन पानं लिहिली होती.

"आई, मी बरी आहे. त्या दिवशी स्वयंपाकघरात मी तुम्हाला एक प्रश्न विचारला होता. त्याचं खरं उत्तर लिहून पाठवा. मग येण्याचं बघू."

कुठला प्रश्न? घरात चाळीस पानं उठायची होती, भात चुलीवर, वन्सं मधे मधे येऊन डुकराचं मांस शिजलं का बघत होत्या, तू काय विचारलंस आणि मी काय बोलले हे आता कोण लक्षात ठेवणार? मी अठ्ठावन्न वर्षांची आहे. काल चष्मा डोक्यावर ठेवून घरभर शोधत होते.

तुला राग आहे तो माझ्यावर काढू नकोस. या घरात आलीस तेव्हा तुला भाताचं पाणी किती ठेवायचं तेही येत नव्हतं. मी कधी चारचौघांत बोलले का? (एकदा बोलले असेन.) थिएन लीची काडी लावायला तुला कुणी शिकवलं? तू सरळ खोचायला निघाली होतीस. मी म्हटलं, अगं, ऊस आहे का तो? हातभर लांब काडी घ्यायची, ना कोवळी ना जून, तिचं बांगडीसारखं वेटोळं करायचं, ते मातीत पुरायचं आणि शेंडा तेवढा बाहेर ठेवायचा. तू दहा लावल्यास, दहाच्या दहा जगल्या. त्या दिवशी तोआनच्या बाबांना केवढा आनंद झाला होता.

हा वेल त्यांनीच आणला, तुला माहीत आहे. तेव्हा तोआन चार वर्षांचा होता. वीटभट्टीवरून येताना सायकलच्या मागे काडीचं वेटोळं बांधून आणलं आणि म्हणाले, "ह्याच्या नावात हजार कोस आहेत, पण हा दारातून हलणार नाही." घरात तेव्हा ताटाला भाजी नव्हती. पहिल्या वर्षी सात झुपके आले, त्यांचं पाणीदार सार केलं. तेवढ्यात सासूबाई धरून चौघं जेवलो. तेव्हापासून बावीस वर्षं मी त्या बुंध्याशी पाणी साचू दिलेलं नाही. पाऊस लागला की आधी मांडवाखालचा चर मोकळा करायचा, मग घरातलं बघायचं. गावात कुणाला झोप लागत नसली, कुणाच्या घरी बाळंतीण असली, की ती बाई माझ्याकडे फुलं न्यायला येते. का येते? मुईच्या मांडवावर औषध पडत नाही म्हणून येते. बाकीच्यांचा माल ट्रकने शहरात जातो आणि ते स्वतःच्या घरात तो खात नाहीत. माझी फुलं दवाखान्यातली नर्स स्वतःच्या पोरांना घालते.

एवढं नाव कमवायला माणसाचा जन्म जातो. हे तुला कळणार नाही, तू अजून लहान आहेस.

यंदाही कोवळ्या शेंड्यांवर काळा मावा आलाय. राख टाकते आहे.

श्राद्धाला येणार की नाही तेवढं कळव.

मुई


ला वान, ५ जुलै १९९८

लुआ,

परवा बाजारात तुझी आई दिसली.

मी सहसा त्या टोकाला जात नाही. चुनखडी संपली होती म्हणून गेले. मासेवाल्या बसतात तिथेच ती होती, पण ओळीच्या शेवटी, गटाराजवळ. पुढ्यात टोपली. टोपलीत खेकडे वळवळत होते, एकही मेलेला नाही, नांग्या काढून एकमेकांवर चढत होते. माझ्यादेखत एका तरुण बाईने किंमत विचारली. तिच्याबरोबरची बाई म्हणाली, "इथे नको, ही ती ताम, हिचेच खेकडे बाधले." दोघी पुढे गेल्या. तुझ्या आईने टोपलीवर ओलं फडकं टाकलं. बाजार उठेपर्यंत मी तांदळाच्या दुकानाआड उभी होते. मग तिने टोपली उचलली, कालव्यापाशी गेली आणि सगळे खेकडे पाण्यात सोडून दिले. टोपली झटकली, डोक्यावर उपडी घातली आणि ऊन चुकवत घरी गेली.

जवळजवळ वर्षभर ती असंच करत असेल, लुआ? पहाटे भाताच्या खाचरांत गुडघाभर चिखलात उतरून पकडायचे आणि दुपारी सोडून द्यायचे?

 आता लिहिते. मधेच थांबले तर परत जमणार नाही.

गेल्या साली श्राद्धाच्या आठवडाभर आधी मागच्या बाजूला मावा पडला. शेंडे काळे झाले, कळ्या चिकट झाल्या. राख टाकली, साबणाचं पाणी मारलं, हटेना. मला डोळ्यांसमोर दिसत होतं, चाळीस माणसं अंगणात बसणार, मान वर करणार, आणि मुईचा मांडव असा. तुम्ही दोघं शेतावर गेला होतात. मी कोपऱ्यावरच्या घरातून कोबीवर मारायचं औषध मागून आणलं. घरगुती फुलझाडावर मारायचंय म्हणून सांगितलं. फक्त मागची बाजू फवारली. पंप तळ्यावर धुतला. तो दिवस गुरुवार होता. श्राद्ध रविवारी होतं.

माझा विचार असा होता की खेकड्यांच्या साराला पुढच्या बाजूची फुलं घ्यायची. पण चाळीस माणसं. पुढची पुरली नाहीत. रविवारी सकाळी मी मागची तोडली. तांदळाच्या धुवणात तीनदा धुतली. शुक्रवारी एक सर येऊन गेली होती, म्हटलं गेलं असेल धुऊन.

तू सूप हातात घेऊन फुलं निवडत होतीस. नाकाशी नेलंस. म्हणालीस, "आई, ह्यांना कसला तरी वास येतोय. फवारलंय का?"

वन्सं दारातच उभ्या होत्या.

मी म्हटलं, "माझ्या वेलीला मी विष घालीन होय? आधी तुझ्या आईच्या टोपलीचा वास घे!"

वन्सं हसल्या. तू लाल झालीस आणि फुलं शेवटच्या पातेल्यात घातलीस.

हा तुझा प्रश्न. हे माझं उत्तर. फवारलं होतं.

संध्याकाळी एकेकाला ओकाऱ्या सुरू झाल्या तेव्हा आधी वन्संच म्हणाल्या, "मुईने सकाळीच ओळखलं होतं, खेकड्यांना वास येत होता." मी काही म्हटलं नाही. मला काही म्हणावंच लागलं नाही, लुआ. मी टोमणा मारला होता, लोकांनी त्याची साक्ष केली. दवाखान्यात नर्सने मला बाजूला घेऊन विचारलं, "भाजीवर औषध मारलं होतं का?" तू खाटेवर होतीस, हाताला सलाईन, घामाने गच्च, पण डोळे उघडे होते. तू माझ्याकडे बघत होतीस. मी नर्सला म्हटलं, "छे, खेकडे बाधले."

नवव्या दिवशी तुझं ते झालं. तेव्हाही मी म्हटलं, जड पातेली उचललीस, ऐकलं नाहीस.

आता तुला वाटलं तर हे पत्र कुणालाही दाखव.

मुई


ला वान, ९ ऑगस्ट १९९८

लुआ,

तुझं उत्तर आलं नाही. येईल असं वाटलंही नव्हतं. तरी पोस्टमनची सायकल वळली की मी अंगणात यायचे.

श्राद्ध झालं. मी सांगितलं.

उदबत्ती लावून झाली, सगळे जेवायला बसायच्या आधी मी ह्यांच्या तसबिरीपुढे उभी राहून म्हटलं, "दोन मिनिटं ऐका. गेल्या वर्षी खेकडे ताजे होते. फुलं मी फवारली होती. लुआने विचारलं तेव्हा मी खोटं बोलले."

 मग वन्सं म्हणाल्या, "बस, बस. किती मनाला लावून घेतलंस!"

"वन्सं, मी खरं सांगते आहे."

"हो गं बाई, कळलं. सून परत यावी म्हणून आपल्या अंगावर घेतेस. अशी सासू मिळायला नशीब लागतं." आणि त्यांनी डोळे पुसले! त्यांच्या जावईबापूंनी मला दारूचा पेला दिला. म्हणाले, "मामी, मोठं मन लागतं याला." बायका एकमेकींना सांगायला लागल्या, बघा, स्वतःवर आळ घेते. मी म्हटलं, अहो गुरुवार होता, पंप तळ्यावर धुतला, कुणाकडून औषध आणलं तेही सांगते. तर म्हणतात, जेवून घे, तुझं डोकं हलकं झालंय.

खोटं बोलले तेव्हा एका दमात सगळ्यांनी मानलं. खरं बोलले तर देवी केली.

एकट्या तोआनने मानलं. तो भिंतीला टेकून उभा होता. त्याने सगळ्यांना वाढलं, पानं उचलली, चटया गुंडाळल्या. लोक गेल्यावर मागे गेला आणि विळा घेऊन मांडवापाशी उभा राहिला. मी म्हटलं, तोड. तोडूनच टाक. त्याने तोडला नाही. मला म्हणाला, "मी तिला काय काय बोललो ठाऊक आहे तुला? तुझी आई घाण विकते म्हटलं. ती सलाईनवर होती तेव्हा म्हटलं. आणि तू शेजारी पंख्याने वारा घालत होतीस."

मग तो विळा टाकून बाहेर गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी आला.

मी तुला माफ कर म्हणत नाही. तो शब्द लिहिते आणि खोडते.

आता तुझ्या आईकडे जायचं आहे. तिची मला फार भीती वाटते.

मुई


ला वान, १३ सप्टेंबर १९९८

लुआ,

तुझ्या आईने तुला लिहिलं असेलच. तरी माझ्याकडून ऐक.

मी घरी गेले नाही, बाजारातच गेले. म्हटलं, जिथे नाव गेलं तिथेच बोलावं. तुझी आई गटाराजवळ बसली होती. मला बघून म्हणाली, "या विहीणबाई. वाट चुकलात?"

मी उभ्याउभ्याच सांगितलं. मोठ्याने सांगितलं. आजूबाजूच्या मासेवाल्या ऐकत होत्या. एकीने माशाचे खवले काढता काढता हात थांबवला. सगळं ऐकून झाल्यावर तुझ्या आईने एकच विचारलं.

"तू किती खाल्लंस?"

मला वाटलं ऐकण्यात चूक झाली.

"त्या दिवशी सार. माझ्या लेकीने दोन वाट्या खाल्ल्या. तू किती खाल्लंस?"

हे मी तुला मागच्या पत्रांत लिहिलं नव्हतं, लुआ. स्वतःलाही सांगितलं नव्हतं. वाढणाऱ्या बाईला जेवायला कुठे सवड होते, असं मी मनाशी धरून बसले होते. पण वाटी मी घेतली होती. तोंडापाशी नेली होती. आणि परत ठेवली.

मी म्हटलं, "नाही खाल्लं."

तुझ्या आईने टोपलीशेजारच्या डब्यातलं चिखलाचं पाणी घेतलं आणि माझ्या पायांवर ओतलं. तोंडावर ओतलं असतं तरी चाललं असतं. मग म्हणाली, "आता सांगून मोकळी झालीस आणि घरी जाऊन झोपणार, असं होय? बस इथे."

"इथे?"

"इथे, माझ्याशेजारी. एकदा सांगून काय होतं? माझं नाव रोज थोडं थोडं गेलंय. दर बाजाराला यायचं, खाली बसायचं, जो विचारेल त्याला सांगायचं. न विचारणाऱ्यालाही सांगायचं."

मी बसले. ओल्या जमिनीवर, पोतं टाकून. आता पाच आठवडे झाले, आठवड्याचे दोन बाजार, मी जाते आहे. पहिल्या दिवशी लोकांना करमणूक वाटली. एक म्हातारी म्हणाली, "काय गं, सूनबाई परत यावी म्हणून नाटक?" तुझी आईच तिच्यावर खेकसली, "नाटक करायला हिला अक्कल पाहिजे ना!" कुणी हसलं, कुणी मला केळं दिलं. एवढी लाज मला कधी वाटली नव्हती, की माझ्या पापासाठी मला कुणी केळं द्यावं.

तिसऱ्या बाजारी थोरल्या वन्सं आल्या. सरळ माझ्यापुढे उभ्या राहिल्या. त्या कोपऱ्यावरच्या घरी गेल्या होत्या. त्यांना कळलं होतं, मी खरोखरच औषध मागून आणलं होतं. त्यांची नात त्या सातांमधली, तुला आठवत असेल, चार दिवस तिची मान सरळ राहत नव्हती. वन्सं म्हणाल्या, "मी तुला देवी म्हटलं. माझ्या तोंडाने म्हटलं." आणि भर बाजारात थुंकल्या. माझ्यावर नाही, बाजूला. म्हणाल्या, आमच्या उंबऱ्यात पाऊल टाकायचं नाही.

त्या गेल्या तशा मासेवाल्या आपापल्या टोपल्यांकडे वळल्या. कुणी माझ्याकडे बघेना. केळं देणारी बाई टोपली घेऊन लांब सरकली. तुझी आई हळूच म्हणाली, "चला. आता बसला लोकांचा विश्वास."

त्या दिवशी तिचे अर्धे खेकडे गेले. परवाच्या बाजाराला सगळे गेले.

माझी फुलं आता कुणी घेत नाही. नर्सने निरोप पाठवलाय, नको. बाळंतीण असलेल्या घरांतून नको. ठीक आहे. मी तुझ्या आईला म्हटलं, "मांडव तोडूनच टाकते, निदान डोळ्यांसमोर तरी नको."

तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी अजून काहीच शिकले नाही. म्हणाली, "तोडू नकोस. तोडलास तर लोक म्हणतील, वेल वाईट होता."

म्हणून ठेवलाय. सकाळी उठून मावा बोटांनी चिरडते, पानामागून पान. अंगठ्याचं नख काळं झालंय. फुलं उमलतात आणि गळतात, मी झाडून ढीग करते. पाणी मात्र साचू देत नाही.

मुई


ला वान, ११ ऑक्टोबर १९९८

लुआ,

तोआनला तुझं पत्र आलं. त्याने मला वाचायला दिलं नाही, पण एक ओळ वाचून दाखवली: "यायचं तर ये. मला परत न्यायला म्हणून येऊ नकोस." तो सारखा ती वाचत होता. मग गवंडीकामाची हत्यारं घासायला बसला. थापी, ओळंबा, सगळं चकचकीत केलं. तेव्हा मला कळलं की तो जाणार आणि तिकडेच राहणार.

मी अडवलं नाही. अडवायला माझ्याकडे तोंड नाही, हे एक. आणि त्याला अंगणात शीळ घालताना वर्षभराने ऐकलं, हे दुसरं.

तो जायच्या आधी मला एक काम करायचं होतं. मी दवाखान्यात गेले. नर्स मला बघून उठली, तिला वाटलं फुलं घेऊन आले. मी म्हटलं, तुम्ही मला गेल्या साली विचारलं होतं, भाजीवर औषध मारलं का. मी नाही म्हटलं. मारलं होतं.

तिला बाजारातून आधीच कळलं होतं. ती चिडली नाही. हातातलं लिहिणं बाजूला ठेवून म्हणाली, "आजी, त्याच दिवशी सांगितलं असतंत तर त्या विषावरचं औषध देता आलं असतं. आमच्या कपाटात होतं."

कपाटात होतं, लुआ. मी बसले होते तिथून चार पावलांवर ते कपाट आहे. पांढरं, काचेच्या दाराचं.

मग मी जे विचारायला गेले होते ते विचारलं. म्हटलं, माझ्या सुनेचं मूल त्यानेच गेलं का?

ती म्हणाली, "ते कुणीच सांगू शकणार नाही. तिसऱ्या महिन्यात अशीही जातात."

मी म्हटलं, "मग त्याने नाही गेलं?"

"असंही मी म्हणू शकत नाही."

"एकदा म्हणा ना बाई. होय म्हणा, नाहीतर नाही म्हणा."

तिने मला प्यायला पाणी दिलं. दुसरं काही तिच्याजवळ नव्हतं.

मी जाताना उगीच मनाशी ठरवलं होतं, होय म्हणाली तर तुला कसं लिहायचं, नाही म्हणाली तर कसं. दोन्ही पत्रं डोक्यात तयार होती. हे तिसरं लिहायची तयारी नव्हती. बाजारात बसून तुझ्या आईचं नाव मी थोडंफार परत आणलं. ह्याचं काही करता येणार नाही. हे मला माहीत नाही असंच मी मरणार, आणि तुलाही माहीत नाही असंच जगावं लागणार. तुझ्या वाट्याला हे मी घातलं. "माझीही दोन गेली" असं मी तुला पहिल्या पत्रात लिहिलं. मी ते शब्द परत घेते. माझी गेली तेव्हा कुणी माझ्या शेजारी बसून खोटं बोलत नव्हतं.

ह्यांच्या देव्हाऱ्यात मी एक वाटी जास्तीची ठेवते आहे. नाव नाही ठेवलं. तो हक्क तुमच्या दोघांचा.

गुरुवारच्या गाडीने तोआन निघाला. दोन रात्रींचा प्रवास आहे. मी भात, तिळाचं मीठ आणि उकडलेली अंडी बांधून दिली. थिएन ली दिली नाही, त्यानेही मागितली नाही. तुझी आई स्टेशनवर आली होती, तिने तुझ्यासाठी सुकवलेली मासळी दिली. आम्ही दोघी बाकड्याच्या दोन टोकांना बसलो होतो. ती माझ्याशी अजून धड बोलत नाही. पण गाडीला उशीर झाला तेव्हा तिने आपल्या पानाच्या डब्यातली सुपारी माझ्याकडे सरकवली आणि दुसरीकडे बघत राहिली.

गाडी हलायच्या आधी तोआन खिडकीतून वाकून म्हणाला, "आई, तूही चल. तिथे खोली आहे, जमेल तिघांचं."

मी म्हटलं, "तिने बोलावलंय का मला?"

तो गप्प बसला.

तेवढं उत्तर बरोबर आहे, लुआ. त्याला त्यावरून बोलू नकोस.

मुई